शेजारची जागा

"मास्तर, उठा आता. फाटक लावायचंय."

मास्तर उठले नाहीत. बायकोच्या कबरीला लागून जी रिकामी जमीन होती, तिच्यावर त्यांनी गळ्यातली टेप पसरली होती. एक टोक खड्याखाली दाबलेलं, दुसरं हातात. सारी हयात लोकांचे कपडे बेतण्यात गेलेला शिंपी आता स्वतःसाठी जमीन बेतत होता.

"बघ, बसतोय की नाही मी? शिलाईत सोडायलासुद्धा जागा उरतेय."

"मापाचा प्रश्न नाही हो. कायद्याचा आहे."

"मग घे उसवून थोडा."

रखवालदाराला हसू आलं, पण तेवढंही जिवावर आलं. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे गोळे झाले होते. त्याने मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि फाटकापर्यंत पोचवलं.

ही दफनभूमी शेकडो वर्षांची. कोण सरदार, कोण व्यापारी, कोण तापाने गेलेली पोरं. दगडांवरची नावं पावसाने कधीच पुसून नेली होती. ही जागा पुरातन म्हणून जाहीर झाली आणि इथे फावडं लावायला बंदी आली. बंदीच्या आधी शेवटची माती पडली ती मास्तरांच्या बायकोवर. त्यानंतर आपल्या माणसासाठी जागा मागायला येणाऱ्या प्रत्येकाला रखवालदार 'नाही' म्हणत आला होता. कुणी पाया पडे, कुणी आईबहीण काढी. त्याचं उत्तर ठरलेलं.

"अहो, कंटाळा नाही का येत सारखं नाही नाही म्हणायचा?" फाटकालगतच्या खोलीत खाटेवर बसून त्याची बायको विचारायची. तिला दमा होता. एक वाक्य बोलली की दोन श्वास घ्यावे लागत.

"तेच तर काम आहे माझं."

"काम झाडायचं आणि राखायचं आहे. लोकांना तोडून बोलायचं नाही."

"मग जा तू आणि गोड बोल," तो म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मास्तरांनी कचेरीत अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. दुपारी येऊन बायकोच्या उशाशी बसायचे आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिला सांगायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या कोटाला खिसे उलटे लागले. रखवालदार लांबून ऐकायचा. कधीकधी झाडू थांबवून.

मग एकदा आठवडाभर ते फिरकले नाहीत, आणि मग त्यांची मुलगी आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिला पाहूनच तो काय ते समजला.

"पहाटे गेले," ती म्हणाली. "काका, तुम्ही नुसतं फाटक उघडं ठेवा. बाकीचं आम्ही बघतो."

"नाही जमायचं, ताई."

"कुणाला कळणार आहे?"

"मला नोकरीवरून काढतील. ही खोली जाईल. आत ती बघा कशी आहे."

मुलीने खोलीच्या दाराकडे पाहिलंही नाही. "ते तुम्हाला आपला मानायचे," ती म्हणाली. "तुमच्या घरचं कुणी असतं, तर हेच म्हणाला असता?"

ती निघून गेली. आतून बायकोची खोकल्याची उबळ ऐकू आली, मग तीही थांबली. बायको त्याला एक शब्द बोलली नाही, आणि त्या दिवशी तेच त्याला जास्त लागलं.

त्याने झाडू उचलला. मास्तरांच्या बायकोच्या कबरीपाशी गेला. पाचोळा, सुटलेली माती, मुंग्यांनी वर काढलेला भुगा, सगळं रोजच्यासारखं एकत्र केलं. रोजच्यासारखं फाटकाबाहेरच्या पेटीत मात्र टाकलं नाही. केर बाहेर न्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याने तो कापडी पिशवीत भरला, बदलीच्या माणसाला हाक मारली आणि बस पकडली.

नवी दफनभूमी गावाबाहेर टेकडीवर होती. एकही झाड नाही, सगळ्या कबरी शाळेतल्या बाकांसारख्या ओळीने. तो धापा टाकत वर पोचला तेव्हा खड्डा बुजवून झाला होता आणि लोक चपला झटकत उताराला लागले होते. मुलगी एकटीच मागे उभी होती.

"आता कशाला आलात?"

त्याने पिशवी पुढे केली. "केर आहे."

"काय?"

"आईंच्या कबरीवरचा. आज सकाळचा. तसाही बाहेरच टाकायचा असतो." त्याने पिशवीची गाठ सोडली. "मास्तरांना तिकडे नेता आलं नाही, ताई. म्हणून आईंना इकडे आणलं. जमेल तेवढं."

तो खाली वाकू लागला, पण गुडघा वळेना. मुलीने त्याच्या हातातून पिशवी घेतली. ओल्या मातीवर ती हळूहळू रिकामी केली आणि पसरताना तिचा तळवा खालपासून वरपर्यंत फिरला, इस्त्री फिरावी तसा. मातीत एक वाळकी काडी निघाली. सवयीने तिने ती उचलून फेकायला हात वर केला.

मग हात खाली आला. काडी होती तिथेच तिने ती अंगठ्याने दाबून बसवली.