गुडघ्यांचा नवस

डॉक्टर त्रेविन्योंनी दोन्या एदुविखेस या म्हाताऱ्या बाईंच्या झिजलेल्या गुडघ्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि आठवड्याभरात दुखणं थांबलं. त्या आभार मानायला आल्या.

"आता नवस फेडते. गुडघे बरे झाले तर चौकातून चर्चपर्यंत गुडघ्यांवर येईन, असं मरियामातेला बोलले होते. शेजारणींनी वाटेत अंथरायला घोंगड्याही काढल्यात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, गुडघे बरे झालेले नाहीत. दुखणं फक्त दोन-तीन महिने दबलंय. असं रांगलात तर खाट धराल."

"म्हणजे बरे नाहीत? नक्की?"

"नक्की."

मावशींचा चेहरा उजळला. संध्याकाळी त्या ताठ चालत चर्चमध्ये गेल्या आणि मरियामातेला तिचं काम अजून अपुरं असल्याचं स्पष्ट सांगून आल्या.