मागच्या दाराने उतरणारी माणसं

वेलिंग्टनमध्ये बसमधून उतरताना "थँक्यू, ड्रायव्हर" म्हणायचं असतं. असा कायदा नाही, तशी पाटीही कुठे लावलेली नाही, पण म्हणतात सगळे. शाळकरी पोरी म्हणतात, सरकारी कचेऱ्यांतले साहेब म्हणतात, चार घोट जास्त झालेला गडीसुद्धा जीभ सावरून म्हणतो. मागच्या दाराने उतरणारे तर अख्ख्या बसच्या डोक्यांवरून ओरडून म्हणतात. फेतुआओ दोन नंबरची बस एकवीस वर्षं चालवत होती. तिला निम्मे प्रवासी चेहऱ्याने ठाऊकच नव्हते. ती त्यांना आवाजावरून ओळखायची, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता.

वाऱ्याला, चढांना, दारुड्यांना ही बाई कधी घाबरली नाही. घाबरायची ती फक्त हाटाइटाइच्या बोगद्याला. शंभर वर्षांपूर्वी ट्रामसाठी खणलेला तो बोगदा आता फक्त बससाठी आहे. एका वेळी एकच बस मावते, म्हणून दोन्ही तोंडांना सिग्नल. खिडकीतून हात काढला तर भिंत हाताला लागावी इतका अरुंद. फेतू आत शिरताना मनात प्रार्थना सुरू करायची आणि बाहेर पडल्यावर आमेन म्हणायची. डेपोतले तिच्यासारखेच सामोआ बेटांवरून आलेले गडी तिची टिंगल करायचे.

"फेतू, एकवीस वर्षांत पडला नाही तो. आता तुझ्यासाठी पडणार आहे का?"

"तोही एकवीस वर्षं वाटच बघत असेल," ती म्हणायची. हसून म्हणायची, पण आमेन कधी चुकवायची नाही.

त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला किलबर्नीच्या थांब्यावर नोला प्रेंडरगास्ट चढल्या. वय एक्याऐंशी, खुब्याचं हाड बदललेलं, जीभ मात्र अजून मूळचीच. दर मंगळवारी त्या रेल्वे स्टेशनपर्यंत बसने जायच्या आणि तिथून आगगाडीने बहिणीकडे. बसायच्या ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर, आणि नगरपालिकेपासून शेजाऱ्याच्या मांजरापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत जायच्या. आज मात्र त्यांनी कार्ड टेकवलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून तडक मागे निघाल्या.

"नोला, आज मागे का?" फेतूने विचारलं.

"पुढे उभं राहिलं तरी मी तुला दिसत नाही म्हणे."

फेतू ओशाळली. आदल्या दिवशी नोला कशाला तरी बाहेर निघाल्या होत्या आणि भर पावसात थांब्यावर हात करून उभ्या होत्या. बसला सहा मिनिटं उशीर झाला होता. फेतूने त्यांना पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं करून बस पुढे काढली होती. चूक तिचीच होती. स्टेशनवर उतरताना माफी मागू, असं तिने ठरवलं.

बस बोगद्यात शिरली. अर्ध्यावर गेली असेल नसेल, तोच स्टिअरिंग हातातून निसटल्यासारखं झालं. टायर फुटला असं तिला वाटलं. मग खालून कोणीतरी बस उचलून आपटावी तसा दणका बसला आणि मागून किंचाळ्या उठल्या. या गावात धरणीकंप नवा नाही. कपबशा वाजतात, माणसं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा चहा प्यायला लागतात. हा तसला नव्हता. हा थांबतच नव्हता. टपावर काहीतरी धाडधाड पडत होतं, बोगद्यातले दिवे गेले, आणि फेतू ब्रेकवर दोन्ही पाय दाबून आईला हाका मारत होती. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

हादरा थांबला. करपल्यासारखा वास आला. बस विजेवर चालणारी, आग लागली तर बोगद्यात सगळ्यांचा कोळसा होईल, म्हणून तिने वीज तोडायचं लाल बटण दाबलं. तसे बसमधलेही दिवे गेले. मिट्ट काळोख झाला, दूर पुढच्या तोंडाशी तेवढा उजेडाचा ठिपका. नाकातोंडात धूळ चालली होती.

"कोणी ढकलाढकली करू नका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "दोन्ही दारं हाताने उघडतील. उतरा, डावा हात भिंतीला लावा आणि उजेडाकडे चालत सुटा. परत फिरायचं नाही."

अशा वेळी ड्रायव्हरने टॉर्च घेऊन शेवटच्या बाकापर्यंत स्वतः जायचं, वाकून बघायचं आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचं, असं शिकवलेलं असतं. फेतूला ते पाठ होतं. पण त्या काळोखात मागे जायला तिचे पाय तयार होईनात. ती पुढच्या दारातून पहिली खाली उतरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हाताऱ्यांना हात देत राहिली.

आणि माणसं उतरली. जिवाच्या भीतीने लटपटत होती, एक बाई हुंदके देत होती, पण सवय जाते कुठे? "थँक्यू, ड्रायव्हर." "थँक्यू हं." मागच्या दाराकडूनही काळोखातून आवाज येत होते. फेतू कान देऊन ऐकत होती. हा घोगरा आवाज निवृत्त पोस्टमन ट्रेवरचा. ही वाचनालयातली बाई. ह्या दोघी नर्सिंगच्या मुली. आवाज संपले, तशी तीही उजेडाकडे धावली.

बाहेर लख्ख ऊन होतं. माणसं गवतावर बसली होती. फोन कोणाचाच लागत नव्हता. फेतूने श्वास घेतला आणि मनातल्या मनात ते आवाज पुन्हा एकदा लावून पाहिले. एक आवाज कमी भरला.

"नोला," ती म्हणाली. मग मोठ्याने, "नोला! नोला कुठेत?"

कोणीच ओ दिली नाही.

"शेवटच्या बाकावर होती ना ती?" ट्रेवर इकडेतिकडे बघत म्हणाला. "चढताना पाहिलं मी तिला. उतरताना नाही पाहिलं."

"तिचा आवाज आला नाही. सगळ्यांचा आला, तिचा नाही."

"मग थांब. बंबवाले येतीलच."

"कधी येतील?"

ट्रेवरने तिचा हात धरला. "अगं, पुन्हा हलेल. मोठ्यामागून धाकटे येतातच. वेडी आहेस का तू?"

वेडी नव्हती, भ्यालेली होती. काल पावसात सोडलं आणि आज काळोखात सोडलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तिने फोनचा टॉर्च लावला आणि ती आत शिरली.

टॉर्चच्या उजेडात नुसती धूळच दिसत होती. ती भिंत चाचपत चालली. पायाखाली खडी कुरकुरत होती, तिथे सकाळी खडी नव्हती. प्रार्थनेची पहिली ओळ तिला आठवेना, लहानपणापासूनची, म्हणून ती नुसतं "देवा, देवा" म्हणत राहिली. बस जवळ आली आणि जमीन पुन्हा हलली. फेतू जिथे होती तिथेच खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. पुढे कुठेतरी काहीतरी कोसळलं. परत जावं, असं तिला वाटलं. स्वच्छ, लाज न बाळगता वाटलं. मग ती उठली आणि बसमध्ये चढली.

"नोला? मी आले. नोला, बोला काहीतरी."

बाक रिकामे होते. कोणाची तरी पिशवी फुटून संत्री सगळीकडे पसरली होती. ती शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथे कोणी नव्हतं. तिला क्षणभर काही कळेना. मग खालून कण्हल्याचा आवाज आला.

दोन बाकांच्या मधे एक बाई पडली होती. नोला नव्हे. वय पन्नाशीचं, विमानतळावरच्या सफाईवाल्यांचा निळा अंगरखा, केसांतून रक्त ओघळत होतं. फेतूने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. बराच वेळ टॉर्च धरल्यावर तिला एवढंच आठवलं, की मागच्या खिडकीला टेकून रोज कोणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेलं असायचं. रात्रपाळी करून येत असेल, स्टेशनवर गर्दीत उतरत असेल. या बाईचा आवाज फेतूने कधी ऐकलाच नव्हता. न ऐकलेला आवाज हरवला तरी कसा कळणार?

"उठता येईल?"

बाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. फेतूला एक शब्द कळला नाही, पण बाईने तिची बाही घट्ट पकडली, ते कळलं. फेतूने तिला काखेत हात घालून उभं केलं, दारातून आडवं करून उतरवलं आणि अर्धं उचलून, अर्धं फरपटत चालवलं. वाटेत आणखी एकदा हादरा बसला. या वेळी ती थांबली नाही.

बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या पुढे नोला उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

ट्रेवरने धावत येऊन जखमी बाईला गवतावर निजवलं आणि तिच्या डोक्याला आपला मफलर दाबून धरला. फेतू नोलांकडे बघत राहिली.

"मी बाहेरच होते," नोला म्हणाल्या. "मागच्या दाराने दुसरी उतरले मी. आणि मुद्दामच काही बोलले नाही, तुझ्यावर राग होता म्हणून." त्यांनी ट्रेवरकडे बोट केलं. "तू हाक मारलीस तीही ऐकली. याच्याच पाठीमागे उभी होते. म्हटलं, घटकाभर शोधू दे हिला. तू आत जाशील असं नाही गं वाटलं मला. ओ द्यायला तोंड उघडलं, तोवर तू दिसेनाशी झालीस."

फेतूचा हात शिवशिवला. म्हातारी आहे, खुबा बदललेला आहे, हे सगळं ठाऊक असूनही त्या क्षणी तिला नोलांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

"शिव्या दे मला," नोला म्हणाल्या. "अशी बघत उभी राहू नकोस. बोल काहीतरी."

फेतू तोंड उघडणार होती, तेवढ्यात तिची नजर गवताकडे गेली. मफलर लाल होत चालला होता. आणि तिला दिसलं, की नोला नेहमीसारख्या थँक्यू म्हणून उतरल्या असत्या, तर आपण इथेच बसून राहिलो असतो. बंबवाल्यांना छातीठोकपणे सांगितलं असतं, सगळे बाहेर आलेत, मी एकेकाला ऐकलंय. त्यांनीही ते खरं मानलं असतं. शिवी तिने दिलीच नाही. ती रस्त्यावरच बसली. नोला आपला नवा खुबा सांभाळत, कण्हत तिच्या शेजारी टेकल्या. फेतूने त्यांना दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही.

थोड्या वेळाने बंबवाले आले. त्यांच्यातली एक तरुण मुलगी जखमी बाईपाशी वाकली आणि वही काढून तिने विचारलं, "यांचं नाव काय?"

ट्रेवरने वाचनालयातल्या बाईकडे पाहिलं, तिने नर्सिंगच्या मुलींकडे, आणि मग सगळ्यांनी फेतूकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," फेतू म्हणाली. "माझ्याच बसने येते रोज."