पुलावर रुसणारी व्हॅन

बेकरीची व्हॅन पुलाच्या चढावर पुन्हा बंद पडली, तेव्हा धाकटीने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "बाई गं, तुला हवंय तरी काय?"

मागे ताज्या पावांचे ट्रे होते आणि त्यांच्याही मागे हॉर्नचा नुसता गजर चालला होता. ट्रकवाला, रिक्षावाला, सायकलवर घंटी वाजवणारा एक म्हातारा, सगळ्यांनाच एकदम घाई सुटली होती. धाकटीने खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जायची खूण केली आणि गपचूप बसून राहिली. हिचा रुसवा तिला आता पाठ झाला होता. चढाला लागलं की आधी दम लागायचा, मग दोन आचके, की बंद. थोडा वेळ थांबून चावी फिरवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू!

धाकटी ही बेकरीवाल्यांची धाकटी सून. थोरली जाऊ परदेशी निघून गेल्याला जमाना झाला, धाकटीच्या केसांत रुपेरी बटा आल्या, तरी घरात आणि बाजारात ती धाकटीच राहिली. नवरा भट्टी सांभाळायचा, ही व्हॅन. डिझेलची जुनी, डबड्यासारखी चौकोनी, इंजिन पुढच्या सीटांच्या मधोमध झाकणाखाली. सासऱ्यांनी घेतलेली. ते गेल्यावर सगळे म्हणाले, भंगारात द्या. धाकटी म्हणाली, आधी मला द्या, मग बघू. आणि तिने गियरवर जो हात बसवला तो बसवलाच.

बेकरीच्या मागच्या गल्लीत गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा.

"वहिनी, सकाळी सुरू व्हायला त्रास देते का?" त्याने विचारलं.

"त्रास? सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला येते."

"मग कुठून तरी हवा घेतेय."

त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, हातपंप दाबून दाबून आतली हवा काढली. फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपला वाकवून पाहिलं, तर वळणावर केसाएवढी चीर. "हे बघा! गाडी रात्रभर उभी राहिली की इथून हवा शिरते, डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी इंजिनाला मिळतो वारा!" नवा पाइप टाकला आणि सकाळचं दुखणं पळालं. अर्ध्या चावीत व्हॅन सुरू होऊ लागली. धाकटीने त्याला गरमागरम बिस्किटांचा पुडा नेऊन दिला.

आणि त्याच दिवशी व्हॅन पुलावर पुन्हा बंद पडली.

डॉक्टरने पुडा परत करायची तयारी दाखवली, यावरून त्याला हे किती लागलं होतं ते समजावं. मग त्याने फिल्टरजवळ एक पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली. "आता चालू गाडीत बघायचं. नळीत बुडबुडे दिसले तर हवा अजून शिरतेय. तुम्ही चालवा, मी शेजारी बसून नळीवर नजर ठेवतो."

पण दुसऱ्या दिवशी शेजारची सीट रिकामी नव्हती. तिथे सासूबाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर बाहेर जायची साडी, मांडीवर पर्स.

धाकटी बघतच राहिली. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. पाय दुखतात, ऊन लागतं, मी कशाला, असं म्हणत त्या खिडकीशी बसायच्या. आणि आज ही तयारी?

"आई, आम्ही फिरायला नाही चाललो. गाडीची तपासणी आहे."

"ठाऊक आहे. काल खिडकीतून ऐकलं मी." सासूबाईंनी पर्स घट्ट धरली. "ही सीट माझी आहे. तुझे सासरे पाव पोचवायला निघाले की मी इथेच बसायची. या गाडीचा स्वभाव मला जास्त माहीत की या डॉक्टरांना?"

डॉक्टरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने आभाळाकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर मागे ट्रेंच्या मधे मांडी घालून बसला, इंजिनावरचं झाकण काढून ठेवलं आणि सासूबाईंच्या हातात टॉर्च देण्यात आला.

"आजी, फक्त नळीकडे बघायचं. बुडबुडे दिसले की ओरडायचं."

"ओरडायला मला शिकवू नका," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या फेरीत त्यांनी नळीकडे कमी आणि रस्त्याकडेच जास्त पाहिलं. "अगं, ती लाकडाची वखार कुठे गेली? हे एवढं मोठं दुकान कधी झालं?" पुलावर व्हॅनने नेहमीप्रमाणे मान टाकली. डॉक्टर मागून ओरडला, "बुडबुडे?" सासूबाई दचकून टॉर्च नळीवर मारत म्हणाल्या, "आता तर नाहीत." ही साक्ष कुठल्याच कोर्टात टिकण्यासारखी नव्हती.

मग थांबणं आलं. सासूबाईंनी काच खाली केली. पुलाच्या कठड्याशी फुगेवाला उभा होता, त्याच्याशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. त्याची बायको कुठली, मुलं किती, फुगे उन्हात फुटतात का. व्हॅन पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांच्या मांडीवर पर्सच्या जोडीला एक लाल फुगा होता.

"उद्या परत बघायला लागेल ना?" उतरताना त्यांनी विचारलं. आवाजात काळजी असायला हवी होती. ती नव्हती.

दुसऱ्या फेरीला त्या चहाचा थर्मास घेऊन आल्या. त्या दिवशी व्हॅन चढ संपता संपता थांबली आणि तिघांनी कठड्याला टेकून चहा घेतला. खाली रुळांवरून मालगाडी चालली होती. सासूबाई तिचे डबे मोजत होत्या, मधेच विसरत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या. बुडबुडे त्याही दिवशी दिसले नाहीत. डॉक्टर वैतागून कपाळ चोळत होता. "हवा नाही, पाण्याचा थेंब नाही, फिल्टर कोरा करकरीत. मग हिला झालंय तरी काय?"

तिसऱ्या फेरीआधी धाकटीने टाकी काठोकाठ भरून घेतली. आणि गंमत अशी की व्हॅन त्या दिवशी पूल येण्याआधीच, सपाट रस्त्यावर धापा टाकायला लागली.

"अहो डॉक्टर!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की धाकटीचा पाय ब्रेकवर गेला. "नळीला बघा काय झालं!"

"बुडबुडे?"

"बुडबुडे कसले! गाल आत ओढतेय ती! पेल्यातलं सरबत संपत आलं की पोरं स्ट्रॉ ओढतात ना, तशी!"

डॉक्टर ट्रेंवरून जवळजवळ पोहत पुढे आला. टॉर्चच्या उजेडात नळी खरंच चपटी झाली होती. पंप जीव खाऊन ओढत होता आणि टाकीतून काही सुटत नव्हतं. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

डॉक्टरने कपाळावर हात मारला. मग मागचं दार उघडून त्याने उडी मारली, धावत टाकीपाशी गेला आणि झाकण फिरवलं.

हुस्स!

असा लांबलचक श्वास टाकीने आत ओढला की रस्त्यावरचं कुत्रं कान टवकारून उभं राहिलं.

"लावा चावी!"

धाकटीने चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन धडधडू लागलं. नळी फुगून गोल झाली होती.

"श्वास कोंडत होता हो बिचारीचा!" डॉक्टर झाकण हातात घेऊन नाचायचाच बाकी होता. "डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते जवळजवळ बुजलंय; चढावर डिझेल जास्त ओढलं की कोंडतं, जरा थांबलं की थोडी हवा झिरपते. टाकी भरलेली असली की आत हवेला जागाच नाही, म्हणून आज लवकर कोंडली. पाइपची चीर हे दुखणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही एकदम आली आणि मला चकवून गेली."

धाकटीने झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. भोकावर जाड, चकचकीत पिवळा रंग बसला होता. ते पाहून तिला असं हसू फुटलं की ती तिथेच फुटपाथवर बसली.

"अगं, झालं काय?" सासूबाई खिडकीतून विचारत होत्या.

"आई, तुमच्या लेकाने रंगवलंय हे!"

मागच्या महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने तिला न सांगता व्हॅन रंगवून काढली होती. स्वतःच्या हाताने, अगदी मन लावून. बंपर रंगवला, आरसे रंगवले, एक वायपरही रंगवला आणि प्रेमाच्या भरात टाकीच्या झाकणावरसुद्धा रंगाचे दोन हात चढवले. सासूबाईंना हे समजलं तेव्हा पदर तोंडाला लावून त्याही हसत सुटल्या. "त्याच्या बापाने एकदा घराला रंग देताना दाराची कडी रंगवून दार बंद करून टाकलं होतं. आम्ही आत!"

डॉक्टरने जाडसर सुई घेऊन भोक मोकळं केलं, झाकणातून फुंकर मारून पाहिली आणि पुन्हा लावलं. व्हॅन पुलावर चढली. दम नाही, आचका नाही. पुलाच्या माथ्यावरून खाली उतरताना डॉक्टर मागे ट्रे वाजवत होता.

सासूबाईंनी मात्र टॉर्च विझवून मांडीवर ठेवला होता.

"म्हणजे आता ही बंद पडणार नाही?" त्यांनी विचारलं.

"छे हो आजी, पक्कं काम झालंय," डॉक्टर म्हणाला.

"हं. बरं झालं." आणि त्यांनी हळूच काच वर घेतली.

धाकटीने आरशातून डॉक्टरकडे पाहिलं. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बंद पडो न पडो, आई, मला रोज शेजारी माणूस लागणार आहे. एकटीने पाव पोचवायचे म्हणजे गाडी उभी करा, उतरा, ट्रेवर लक्ष ठेवा. माझी तारांबळ होते. तुम्ही गाडीत बसलात तर मला ट्रेची काळजी नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. सुनेचं सगळं कळत होतं त्यांना. "माझे पाय दुखतात."

"बसायचंच तर आहे."

"ऊन लागतं."

"काचेला पडदा लावते."

"आणि रोज किती वाजता निघायचं?"

"पाव भट्टीतून निघाले की."

सासूबाईंनी थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं. मग काच पुन्हा पूर्ण खाली केली, वाऱ्याने विस्कटलेले केस कानामागे सारले आणि म्हणाल्या, "मग इथून डावीकडे घे. तिकडे माझी एक मैत्रीण राहायची. जिवंत आहे का बघून येऊ. आणि जरा जोरात चालव गं, आता काय झालंय गाडीला?"