बेनापोलच्या यार्डात

"गोपाळराव, ऐकू येते का? काही तरी बोला," मधुवंती म्हणाली.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मग काही तरी पडल्याचा आवाज, आणि फोन कटला. तिनं पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. ती खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खाली नागपुरातल्या सदरच्या रस्त्यावर नेहमीसारखी दुकानं उघडत होती.

मधुवंती या ट्रान्सपोर्ट कंपनीत वीसेक वर्षं होती. गाड्या कुठं आहेत, कोणत्या ड्रायव्हरला काय अडचण आहे, हे पाहणं तिचं काम. हंगामात नरखेड तालुक्यातलं संत्रं भरून गाड्या बंगालपर्यंत जात, तिथून सीमा ओलांडून बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डात माल उतरवत आणि रिकाम्या परत येत. या खेपेला गोपाळरावांची गाडी पलीकडे गेली आणि त्याच संध्याकाळी फाटक बंद झालं. तिकडे दंगे, इकडे मोर्चे. टीव्हीवर दोन्ही देशांचे झेंडे जळत होते. ड्रायव्हरांनी यार्डाबाहेर पडायचं नाही, असा हुकूम निघाला होता.

गोपाळरावांना शुगर होती. इन्सुलिनची बाटली ते थर्मासमध्ये बर्फात ठेवून सोबत नेत. काल ते म्हणाले होते, "ताई, औषध सरलं. मले उलट्या होऊन राहिल्या. पायाची जखमही चिघळली." आज बोलताही येत नव्हतं.

तिनं दूतावासाचा नंबर फिरवून पाहिला, कस्टमच्या दोन ऑफिसांत फोन केला. कुठं कोणी उचललं नाही, कुठं "कळवतो" म्हणाले. बेनापोलमध्ये जाऊन यार्डात शिरू शकेल असा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्याला फोन करण्याआधी ती पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आली.

शफिकुल बांगलादेशातल्या जेसोरच्या एका कंपनीचा माणूस. मागच्या हंगामात त्याच्या कंपनीनं नरखेडचे दोन मोठे व्यापारी फोडले होते. बागेपासून ढाक्यापर्यंत माल आमच्या जबाबदारीवर, असं म्हणून. त्यावर मधुवंतीनं यार्डातल्या उतराईच्या जागा आगाऊ अडवून ठेवल्या आणि त्याच्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या. तेव्हापासून दोघं फोनवर भांडत. एकमेकांना पाहिलं मात्र कधी नव्हतं.

"दीदी, आप?" तो म्हणाला. "आज लड़ने का टाइम नहीं है."

"लढायले नाही केला," ती मराठीतच बोलून गेली, मग हिंदीत वळली. "हमारा ड्रायव्हर है यार्ड में. बहुत बीमार है. मर जाएगा."

त्याच्या मागे कुठं तरी घोषणा चालल्या होत्या.

"गाड़ी का नंबर बोलिए," तो म्हणाला. तिनं सांगितला. "मैं जाता हूँ. दीदी, हमारा भी एक आदमी उधर है. मोनिर. पेट्रापोल में, जूट की गाड़ी लेकर. लोग गाड़ी को घेर के खड़े हैं. पानी तक नहीं मिला उसको."

"देखती हूँ," मधुवंती म्हणाली.

सीमेच्या अलीकडे, पेट्रापोललाच, कंपनीचं गोदाम होतं आणि तिथं पुष्कर होता, नागपूरचाच, दोन मुलांचा बाप. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"ताई, इथं लोक पाहून राहिले," पुष्कर म्हणाला. "मी त्याले पाणी नेलं तर मलेच धरतील."

"ओळखपत्र गळ्यात घाल. आधी जवानाले विचार, मग जा. ड्रायव्हर आहे अन् उपाशी आहे, एवढंच सांग."

"अन् कोणी विचारलं, तुमचा काय संबंध?"

"तुले जमत नसन तर नको जाऊ," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

"जातो," पुष्कर म्हणाला. आवाजावरून तो घाबरलेला वाटत होता.

तिनं मान वर केली तर दारात मालक उभे होते. गिरिधरभाऊ. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"तुम्ही त्या शफिकुलले फोन केला?"

"हो."

"कालच असोसिएशनच्या मीटिंगमध्ये ठरलं. त्यांच्यासंग काहीच व्यवहार नाही. मी सही करून आलो, मधुवंतीताई. उद्या कोणी येऊन आपल्या बोर्डाले काळं फासलं तर?"

"पुसून घेऊ."

"मजाक नाही करून राहिलो मी."

"मीही नाही, भाऊ. गोपाळराव तिथं दगावले तर त्यांच्या घरवालीले, रंभाबाईंले, कोणी सांगायचं? मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

गिरिधरभाऊ आपल्या केबिनमध्ये गेले. आतला टीव्ही सकाळपासून चालू होता. थोड्या वेळानं त्याचा आवाज बंद झाला.

दुपार सरत नव्हती. मधुवंतीनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुसऱ्या गाड्यांचे फोन येत होते, कोणाचा टायर, कोणाचा टोल. ती उत्तरं देत होती आणि लक्ष दुसरीकडेच होतं. रंभाबाईंचा फोन आला तेव्हा तिनं तो दोनदा वाजू दिला.

"ताई, यांचा फोन लागून नाही राहिला. काहून?"

"तब्येत बरी नाही त्यांची. माणूस पाठवला आहे."

"कोन मानूस? तिकडं आपलं कोन हाय वं?"

"आहे एक ओळखीचा," मधुवंती म्हणाली.

चार वाजायच्या सुमारास शफिकुलचा व्हिडिओ कॉल आला. चाळिशीतला, टक्कल पडू लागलेला माणूस. शर्टाचा खिसा फाटलेला होता. यार्डाच्या फाटकाशी कोणी तरी त्याची कॉलर धरली होती, भारताच्या ड्रायव्हरसाठी कशाला आलास म्हणून. त्यानं ते हसत सांगितलं. गोपाळराव गाडीच्या केबिनमध्ये बेशुद्धीतच होते. यार्डाच्या साहेबाची परवानगी काढून, त्यांना तीनचाकी सायकल-व्हॅनवर आडवं टाकून त्यानं दवाखान्यात आणलं होतं. मग त्यानं फोन फिरवला. लोखंडी खाटेवर गोपाळराव, हाताला सलाईन. त्यांनी डोळे उघडले.

"ताई," ते म्हणाले. बाकीचं बोलायला त्यांना वेळ लागला. "गाडीची चाबी यानं नीट ठेवली हाय. मानूस बरा हाय."

मधुवंतीला रडू आलं. फोन हातात धरून ती तशीच बसली. मागे गिरिधरभाऊ कधी येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"त्यांच्या ड्रायव्हरचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पुष्करनं गोदामात आणलं त्याले. जेवला म्हणे."

"अन् त्याचा ताग?"

"गाडीतच आहे."

"आभाळ आहे तिकडं. ताग भिजला तर गेला." ते घुटमळले. "आपल्या गोदामात उतरवून घ्यायले सांगा पुष्करले. अन् आपलं संत्रं त्या शफिकुलले म्हणा, तुमच्या थंड्या गोदामात ठेवा. सडून जाण्यापेक्षा." दारापर्यंत जाऊन ते वळले. "कोणाचं नाव कुठं घेऊ नका."

फाटक उघडायला आणखी आठवडा गेला, आणि उघडलं तेही फक्त अडकलेले ड्रायव्हर परत नेण्यापुरतं. पुष्करनं नंतर सांगितलं, की शफिकुलला जिथवर येऊ दिलं तिथवर तो गोपाळरावांची व्हीलचेअर ढकलत आला. पुढं शिपायानं ढकलली. मोनिर इकडून चालत निघाला होता. मधल्या जागेत दोघं ड्रायव्हर समोरासमोर आले. त्यांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण दोघंही थांबले. मोनिर वाकून गोपाळरावांच्या बांधलेल्या पायाकडे पाहत होता. जवान म्हणाला, "चलो, चलो."

नागपुरात गोपाळरावांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. गाडी चालवणं सुटलं. पण जीव राहिला.

तो मार्ग काही पुन्हा सुरू झाला नाही. संत्रं दिल्लीकडे जाऊ लागलं. गिरिधरभाऊंनी मौद्याच्या वीज केंद्रातून राख वाहण्याचं काम धरलं आणि मधुवंती आता राखेच्या गाड्यांचे फोन घेऊ लागली. शफिकुलशी ती आणखी एकदा बोलली. त्याच्या कंपनीनं बेनापोलचं ऑफिस बंद केलं होतं, तो काम शोधत होता. "दीदी, अब किससे लड़ूँगा?" तो म्हणाला होता. नंतर तो नंबर लागेनासा झाला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस रंभाबाई एसटीनं आल्या. जिना चढून धाप लागली होती. त्यांनी पिशवीतून एक नवं लुगडं काढलं, हिरवं, लाल काठाचं, आणि टेबलावर ठेवलं.

"त्या मानसाच्या घरवालीले," त्या म्हणाल्या. "हे म्हनत होते, तिनं दवाखान्यात रोज पेज धाडली. तुमच्या गाडीत धाडून द्या, ताई. जाते नं गाडी?"

मधुवंतीनं लुगड्यावरून हात फिरवला. सूत जाड होतं, चांगलं होतं.

"जाते," ती म्हणाली.

"किती दिवस लागन?"

"लागतील थोडे."

तिनं कपाटातून जाड प्लास्टिक काढलं. पावसापाण्यात माल जायचा असला की बांधत तसं लुगडं दोनदा गुंडाळलं, सुतळीनं आवळलं. मग मार्कर घेऊन वर नाव लिहिलं, शफिकुल. आडनाव तिला माहीत नव्हतं. गल्ली, घर, काहीच माहीत नव्हतं. रंभाबाई तिच्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहत होत्या, म्हणून ती थांबली नाही.