आठ किलो

सोनम वजनाच्या काट्यावरून उतरली, तसा तानाबाईनं तिचा दंड धरून तिला पुन्हा वर चढवलं. काटा हलला, डुलला आणि तिथंच येऊन थांबला. चौतीस.

"चप्पल काढलीयास न्हवं?"

"व्हय की, आत्ती."

समाजमंदिराच्या फरशीवर बसलेल्या बायका माना उंच करून बघू लागल्या. तानाबाईनं वहीत आकडा लिहिला. जूनमध्ये ही नऊ वर्षांची पोरगी बेचाळीस किलो भरली होती, आता सप्टेंबर. संस्थेच्या अवनी मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग बायकांनीही वाजवल्या. सोनम हसली आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडं जाऊन लागोपाठ तीन पेले पाणी प्याली.

"बघा, पाणी कसं पिते!" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी शिका तिच्याकडून."

दोन हजार सहा सालची ही गोष्ट. कळंब्याच्या रस्त्यालगतच्या या वस्तीत एका संस्थेनं 'हलकं पाऊल' नावाचा उपक्रम सुरू केला होता. लठ्ठ पोरं हुडकायची, त्यांना पळवायचं, आयांना स्वयंपाक शिकवायचा, दर बुधवारी वजनं घ्यायची. वस्तीतलीच बाई हवी म्हणून तानाबाईला घेतलं. तिनं दारोदार हिंडून बारा पोरं गोळा केली, तेव्हा कमी बोलणी खाल्ली नव्हती.

"आमच्या सासूच्या काळात पोटाला न्हवतं," अंबूबाई तोंडावर म्हणाली होती. "आता कुटं पोरांच्या अंगाला लागाय लागलंय, तर तुझ्या पोटात दुखतंय व्हय गं?"

सोनमची आई आक्काताई फरसाणाच्या कारखान्यात पाकिटं भरायची. संध्याकाळी तुटका माल, चुरा पदरात बांधून आणायची. शाळेतून आलेली पोरगी आई येईपर्यंत एकटी असायची आणि आदल्या दिवसाचा चुरा खात बसायची. तानाबाईनं तो बंद करायला लावला, मटकी उकडून ठेवायला शिकवलं. अकरा पोरांचा काटा काही केल्या हलला नाही. सोनमचा मात्र झरझर उतरत गेला. वस्तीतल्या बायका तानाबाईला आता दारात थांबवून विचारायच्या, आमच्या पोराला काय देऊ म्हणून. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणी तिचं मत विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

येत्या रविवारी पुण्याची मोठी माणसं येणार होती. उपक्रम पुढं चालवायचा की गुंडाळायचा, ते ठरणार होतं. सोनमला स्टेजवर बोलावून बक्षीस द्यायचं होतं.

गुरुवारी दुपारी, रविवारी कुठला फ्रॉक घालायचा ते सांगायला तानाबाई आक्काताईच्या घरी गेली. आक्काताई कामावर होती. सोनम शाळेला न जाता सतरंजीवर पडली होती, ओठ कोरडे, डोळे आत गेलेले.

"का गं, शाळा न्हाय?"

"पाय गळाल्यात, आत्ती. रातचं सारकं लघवीला उठाय लागतंय."

बोलता बोलता पोरगी उठली आणि मागच्या मोरीकडं गेली. ती परत आल्यावर तानाबाई मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. फरशीच्या कडेनं मुंगळ्यांची काळी रांग लागली होती. तिची सासू पारूबाई साखरेनं गेली, पाय कापूनसुद्धा वाचली नाही. त्या आजारपणात तानाबाईनं अशीच रांग रोज पाणी ओतून धुतली होती.

"आत्ती, मला काय झालंय?"

"काय न्हाय बाळा. झोप तू."

ती तशीच चालत संस्थेच्या हापिसात गेली. अवनी मॅडम पाहुण्यांच्या याद्या करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"एवढ्या लहान मुलीला कशी होईल साखर? मुंग्या काय, कुठंही येतात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "सोमवारी मी स्वतः नेते तिला, गाडीनं. सगळ्या तपासण्या करू. तोवर आईला उगाच घाबरवू नका. चारच दिवस, तानाबाई."

मॅडम वाईट नव्हत्या. सोमवारी त्यांनी नेलंच असतं. तानाबाईनं मान हलवली, आणि बाहेर पडताना आपल्याला हलकं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं. वस्तीकडं येताना आक्काताईच्या गल्लीतून न येता ती वळसा घालून घरी आली. शुक्रवारी आणि शनिवारीही तिनं तोच रस्ता धरला.

रविवारी सोनम पिवळा फ्रॉक घालून स्टेजवर आली. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. तिला भराभरा धाप लागली होती. पाहुण्यांना वाटलं, पोरगी घाबरलीय. जूनमधला तिचा फोटो पडद्यावर लावला होता आणि लोक एकदा फोटोकडं, एकदा तिच्याकडं बघून टाळ्या वाजवत होते. नवं दप्तर हातात घेताना ती वाकली, ओकली आणि तिथंच कोसळली.

सगळ्यात आधी तानाबाई पोचली. तिनं पोरीला उचललं. तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता. रिक्षात आक्काताई पदरानं पोरीचं तोंड पुसत होती. सरकारी दवाखान्यात शिरल्या शिरल्या तानाबाई ओरडली, "डॉक्टर, आधी साखर बघा हिची!"

तिसऱ्या दिवशी सोनमनं डोळे उघडले. साखर होती. जन्मभर इंजेक्शन, रोज. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस आधी आणली असती तर पोरगी बेशुद्ध पडायची पाळी आली नसती. पण दारातच साखर बघा म्हटल्यामुळं जराही वेळ गेला नाही. हे कुणी ओळखलं?

"ह्या आमच्या तानाक्कानं," आक्काताई म्हणाली आणि भर वॉर्डात तिच्या पायाशी वाकली. तानाबाईनं पाय मागं घेतले, पण आक्काताईचे हात पोचलेच.

"तुला कसं गं कळलं?"

सोनम उशीवरून बघत होती. तानाबाईनं खाटेची चादर ओढून सरळ केली.

"तितंच," ती म्हणाली. "स्टेजवर. वास आला तोंडाचा."

सोनमची नजर तिच्यावरून हटली नाही.

घरी सोडताना नर्सनं आक्काताईला सुई टोचायला शिकवलं. तिच्या हातून सुई दोनदा खाली पडली.

"मला न्हाय जमायचं. तानाक्का, तूच देत जा. सकाळ-संध्याकाळ. तुझ्याबिगर कुणावर माझा भरवसा न्हाय."

तानाबाईनं नर्सकडून सुया आणि औषधाची बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आक्काताईच्या दारात उभी राहिली. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलेली होती. तिनं हात धुतले, खुणेपर्यंत औषध ओढलं, कापूस घेतला. सोनमनं बाही वर केली, दंड पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सुई आत गेली, बाहेर आली.

चुलीपाशी बसलेली आक्काताई कौतुकानं म्हणाली, "बघितलंस? दवाखान्यात नर्स टोचायची तवा बोंबलून वॉर्ड डोक्यावर घ्यायची. तुझ्या हातानं मातर रडत बी न्हाय."