फाटकाची जागा

दादा तिला "मॅडम" म्हणायला लागला, तेव्हाच तिने ओळखलं, त्याचं बिनसलंय. एरवी ती त्याची "बाटली". ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि तपासायचं, ही तिची सरकारी नोकरी. तिची चेष्टा करायचा हक्क थोरल्या भावाने पहिल्या पगाराच्या आधीच घेऊन टाकला होता.

पण यंदा बाटल्यांनीच घात केला. ओढ्यात माती आणि खत उतरत होतं, तेही दादाच्याच रानातून. खालचं सगळं गाव तेच पाणी पितं. उपाय कुठला, ते तिने शनिवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. पुस्तकातला पहिला उपाय तयारच होता: काठालगत बारा पावलं रुंद गवताचा पट्टा, तिथे नांगर घालायचा नाही. दादाचं रान लांबलचक, पण रुंदीला जेमतेम पंचवीस पावलं.

"म्हणजे निम्मं रान गवताला," दादा म्हणाला. "लिहा मॅडम, खुशाल लिहा." आणि त्याने अबोला धरला.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. नकाशा बघत बसणं तिला जमेना. बूट चढवून ती रानात गेली आणि काठाने चालत सुटली. काठावरून कुठेच पाणी उतरत नव्हतं! ते ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून पळत खालच्या कोपऱ्यातल्या फाटकाशी जात होतं आणि फाटकातून थेट ओढ्यात. गवताच्या पट्ट्याला ते शिवलंही नसतं. तिने कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर खाली मान घालून बाटल्या भरल्या, वर बघायचं काही सुचलं नाही.

तिने दादाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, पण चार हात लांबच उभा राहिला.

"हे फाटक इथे कुणी बसवलं?"

"बाबांनी. रस्ता जवळ पडतो."

"ते वरच्या अंगाला न्यायचं. इथे आडवा बांध आणि या कोपऱ्यापुरतं गवत. यापुढे नांगरट उताराला आडवी."

"आणि काठ?"

"काठ तुझा. पुढच्या तीन पावसांत पाणी तपासणार मात्र. सुधारलं नाही, तर पुन्हा येईन."

दादा वाहत्या चाकोरीच्या कडेने फाटकापर्यंत चालत आला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले. मग दादाने फाटकाचा खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही.

"खोल गाडलाय बाबांनी," तो म्हणाला. "बघतेस काय, बाटले? पळ, पहार आण."

बाटली पळत सुटली.