वच्छलाबाईची खूण

ऐका हो, मी झोपेच्या औषधाची बाटली बोलतेय! हसू नका. अंगाने हिरवी, मानेने आखूड आणि बुचाने जरा सैल असले, तरी घाटनांदूरच्या एका घरात मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

निजामाचं राज्य होतं. मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, त्रिंबकराव डॉक्टरांनी माझ्यात खारट औषध भरलं. पाठीवर कात्रीने दातरे पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. एका दातऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एक खूण, म्हणजे एका वेळचं औषध.

औषध होतं अर्जुनरावांचं. लेक सासरी गेली ती आईबापाची झोप घेऊनच गेली. दोघंही अंथरुणात कूस बदलत राहायचे. म्हणून हा भला माणूस बायकोला, वच्छलाबाईंना, म्हणाला, "एका चुलीवरचं खातो, मग औषध कावून येगळं? तू बी एक खूण घेत जा."

झोप दोघांनाही लागली. पण सकाळी? अर्जुनराव ताजेतवाने मळ्यात निघायचे आणि वच्छलाबाईंच्या पापण्या उघडता उघडत नसत. चुलीपुढे डुलकी लागायची, भाकरी करपायची. एकदा म्हशीची धार काढता काढता तिलाच टेकून झोपल्या आणि चरवी लवंडली. धाकट्या जाऊबाई, सारजाबाई, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया! हे बाहेरचं हाय."

बाहेरचं म्हणे! अहो, ते माझ्याच पोटातलं होतं. पण बाटलीला कोण विचारतो?

वच्छलाबाईंनी भीत भीत म्हटलं, "अहो, त्या औषधानं तर होत नसंल?"

"तेच मी बी घेतो. मला कावून काई होत न्हाई?"

झालं! घराचा कारभार सारजाबाईंकडे गेला. कणगीतली ज्वारी काढायची तरी थोरलीने धाकटीला विचारायचं. वर अमावास्येला देवऋषीकडे न्यायचं ठरलं. तिथे मिरच्यांची धुरी! आणि एकदा झपाटलेली म्हणून नाव पडलं की जन्मभर त्या बाईचं कोण ऐकतंय? मला असा राग आला की बूच उडतंय की काय असं वाटलं.

तेवढ्यात मीच संपत आले. नवऱ्यानंतर बायकोने घ्यायचं ही त्या घरची रीत. अर्जुनरावांनी आपली खूण पुरी घेतली, तळाशी जेमतेम अर्धी उरली. बाईंनी तेवढीच घेतली. झोप छान लागली आणि सकाळी बाई टुणकन उठल्या! एकही भाकरी करपली नाही. नवं औषध भरून आलं तेव्हा त्यांनी गुपचूप अर्धीच खूण घेतली, रोज. मग मुद्दाम एकदा पुरी घेऊन पाहिली. पुन्हा तेच जड डोकं. शाब्बास माझी वाघीण!

अमावास्येला गाडी जुंपली. मला पदराखाली धरून बाईंनी ठणकावलं, "गाडी मोमिनाबादेला घ्या. माज्या अंगात भूत न्हाई, औषध जास्ती झालंय."

 अर्जुनरावांनी बैल वळवले.

डॉक्टरांनी बाईंची नाडी पाहिली, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अर्जुनराव, ही खूण मी तुमच्यासाठी कापली होती. बायांच्या अंगातून हे औषध लवकर उतरत नाही, मी पुष्कळदा पाहिलंय. रात्री घेतलेलं सकाळी शिल्लकच असतं. यांना घेऊन आला असता तर कमीच दिलं असतं."

"म्हंजे हिचं खरं हाय?"

"अगदी खरं."

अर्जुनराव ओशाळले. "चुकलंच माजं. मला मानवतं ते समद्यांनाच मानवंल वाटलं."

डॉक्टरांनी माझी पट्टी खरवडून निम्म्या अंतरावर दातरे पाडलेली नवी चिकटवली. वर लिहिलं, वच्छलाबाई. अर्जुनरावांना दुसरी बाटली! परतताना मी गाडीत अशी ताठ बसले होते म्हणून सांगू!

आता बाईंना औषधाशिवाय झोप लागते, कारभारही त्यांच्याच हाती आहे. मी कोनाड्यात रिकामी आहे, पण मजेत आहे. एकच विनवणी, बाईला औषध द्याल तर आधी तिला विचारा, नवऱ्याला नको.

परवा सारजाबाई नवऱ्याची बाटली घेऊन आल्या. "आक्का, मला बी झोप न्हाई. यातलं किती घेऊ?"

वच्छलाबाई हसल्या, त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "मला काय इचारतीस? चल, बस गाडीत. डाक्टरला तुजी नाडी दाव."